तेलातला ठप्पा

आमच्या सांगानेरच्या घरमालकिणीला कुठलीही गोष्ट जोर लावून केलेली खपत नसे. कुलूप अडलं की ती किल्ली पिरगाळायची नाही. आत मोहरीच्या तेलाचे दोन थेंब सोडायची आणि पायरीवर बसून राहायची. एकदा आत शेगडीवर दूध होतं. ते करपल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला तरी ही बसलेलीच. शेवटी मी तिच्या हातातून किल्ली घेतली आणि झटका देऊन कुलूप उघडलं. तिने आधी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खुल तो गया," ती म्हणाली. "पण आता याचं आयुष्य अर्धं झालं."

"आणि दुधाचं?" मी विचारलं.

"दूध उद्या दुसरं येईल. कुलूप माझ्या सासऱ्याचं आहे."

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. माझा नवरा रेल्वेत सांधेवाला होता. अकोल्याच्या छोट्या लाइनीवरून त्याची बदली जयपूरला झाली आणि पुढे जवळच्याच सांगानेर स्टेशनात. क्वार्टर मिळालं ते इतकं गळकं होतं की त्यापेक्षा फलाट बरा. म्हणून आम्ही या बाईच्या घरात दोन खोल्या घेतल्या. पुढे घर, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडे कापड छापायची लांब शेड.

पहिल्याच दिवशी तिने जात विचारली. मी बौद्ध म्हणून सांगितलं. ते काय असतं हे तिला कळेना, म्हणून आधी काय होतो तेही सांगितलं. तिने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नळ अंगणात आहे. पाणी सकाळी येतं. माझा माठ वेगळा आहे."

मी म्हटलं, "माझाही वेगळा आहे."

तिथे आमचं ठरलं आणि सामान आत आलं.

तिकडे सुनेला बीनणी म्हणतात. गल्लीतल्या सगळ्या बायकांना, दोन-दोन नातवंडं झालेल्यांनासुद्धा, ती बीनणीच म्हणे. मला टेसनवाली म्हणे आणि नवऱ्याला टेसनबाबू. मी तिला मांजी म्हणे, कारण तिला सगळेच मांजी म्हणत. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि मीही विचारलं नाही. बोलणं आमचं हिंदीत चाले. तिची हिंदी तिच्या गावची, माझी अकोल्याची. भांडायला तेवढी पुरत असे.

नवऱ्याला रेल्वेने नवे बूट दिले, ते चावायला लागले. तो रोज शिव्या देत पाय कोंबायचा. हे पाहून तिला राहवेना. एक दिवस बूट गायब. शोधतो तर गच्चीवर, आतबाहेर तेल चोळलेले, वर ओलं फडकं. "भीजने दे," ती म्हणाली. तेवढे दिवस नवरा चपला घालून कामावर गेला आणि साहेबाची बोलणी खाल्ली. बूट परत मिळाले तेव्हा लोण्यासारखे मऊ झाले होते, हे खरं. पण पुढे वर्षभर स्टेशनची कुत्री त्याच्या मागे मागे फिरत.

हे 'भीजने दे' तिचं सगळ्यालाच असे. डाळीला, कुलपाला, कामावरच्या नव्या पोराला. शेजारची नवी सून रडत बसलीय म्हणून कोणी सांगत आलं तरी तेच.

त्यांच्यात कापड छापणं पुरुषांचं काम. बायकांनी धुवायचं, वाळवायचं, घड्या घालायच्या. नवरा मेला तेव्हा हिला मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झालं आणि ही नवऱ्याच्या छपाईच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मोठा दीर म्हणाला होता म्हणे, "बाईच्या हाताचा ठप्पा उलटा पडतो." त्यावर ही म्हणाली, "मग तुम्ही उलट्या बाजूने पाहा."

मी रिकामी असले की तिचं काम पाहत बसे. लाकडाचा ठप्पा, खाली कोरलेलं फूल, वर मूठ. तो रंगात टेकवायचा, कापडावर धरायचा आणि तळहाताच्या टाचेने वरून एक ठोका द्यायचा. मग त्याला लागून दुसरा. सांधा दिसला नाही पाहिजे. दिवसभर ठप ठप आवाज यायचा आणि मधे ती कोणाशी बोलायची नाही. काळा रंग ती घरी करायची, गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून. त्या मडक्याचा वास असा की जेवताना मी दार लावून घेई. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते, ते काही निघत नसत.

नवा ठप्पा आला की ती तो लगेच वापरत नसे. तेलाच्या डब्यात बुडवून ठेवी. लाकूड तेल प्यायलं की ठोका बसला तरी नक्षीच्या कडा तुटत नाहीत. उन्हाळ्यात हे लवकर होई, थंडीत तेल घट्ट होतं म्हणून लांबे. रोज ठप्पा काढायची, मागची बाजू अंगठ्याने दाबून पाहायची आणि परत बुडवायची. तेल या बाजूने त्या बाजूला आलं की झाला.

त्या मोठ्या दिराचा मुलगा, म्हणजे तिचा पुतण्या, स्कूटरवरून यायचा. त्याला त्या शेडमध्ये जाळीच्या चौकटीची छपाई आणायची होती. चौकट ठेवायची, वरून रंग ओढायचा की एका दमात अर्धी चादर. सांगानेरात तेव्हा घरोघरी तेच येत होतं.

"काकीसा, आता तुम्ही आराम करा," तो म्हणायचा.

"मी उभी आहे तोवर टेबल माझं," ती म्हणायची. "आडवी झाले की तुझं."

तो हसायचा. पण टेबलाची लांबी डोळ्यांनी मोजूनच जायचा.

आणि ती आडवी झाली. थंडीच्या तोंडाला तिच्या उजव्या कुशीत कळ आली. तिने हातातली ओळ पूर्ण केली, ठप्पा जागेवर ठेवला आणि मग जमिनीवर लोळायला लागली. मुतखडा. त्या भागात घरटी एकाला असे, पाणीच तसं होतं. कुळथाचं पाणी पिऊन झालं, मंतरलेला दोरा बांधून झाला. खडा हलेना. फोटो काढला तर तो किडनीतून खाली उतरणाऱ्या नळीत अडकलेला.

जयपूर शहरात एका खासगी दवाखान्यात एक डॉक्टर होता. त्याने नवीन यंत्र आणलं होतं. लघवीच्या वाटेने बारीक लांब दुर्बीण आत न्यायची, खड्यापर्यंत पोचायचं आणि तो फोडून काढायचा. नाहीतर जुनी रीत म्हणजे कुशीत मोठी चीर. चीर दिली तर कित्येक महिने जोराचं काम बंद, आणि त्या बाजूचा हात पूर्वीसारखा चालेल याची हमी नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. बाजू उजवी होती. ठोका उजव्या हाताचा.

पुतण्या म्हणाला, "चीर देऊन टाका, डॉक्टरसाब. कायमचं मिटेल."

काय मिटेल ते त्याने सांगितलं नाही. मांजी म्हणाली, "दुर्बीण."

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाई लागते. पुतण्याच्या बायकोचं मूल अंगावर पीत होतं. गल्लीतल्या बीनण्यांना घुंघट सारून डॉक्टरशी बोलणं जमत नव्हतं. मग मी गेले. मला बोलता येत होतं आणि त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं.

कमरेत सुई देऊन तिला आत नेलं. ती जागीच होती. तोंडावर ओढणी तिने शेवटपर्यंत सोडली नाही. बाकी सगळं उघडं असताना तोंड झाकून काय साधलं, ते मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "काय आहे ते दिसू दे, कोणाचं आहे ते नको."

पण दुर्बीण आत गेली नाही. नळीच्या तोंडाशीच अडली. मग जे झालं ते तिने मला दहा वेळा सांगितलं. छोटा डॉक्टर म्हणाला, "सर, थोडा जोर लगाता हूँ." मोठा म्हणाला, "नहीं. जोर नहीं. फट जाएगी. बाहर निकालो."

"कारीगर है," मांजी मला म्हणाली. ती कोणाही माणसाला कारागीर म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

तिला तहान लागली होती. दवाखान्यात तिचा माठ नव्हता, माझा तांब्या होता. तिने तांब्याकडे पाहिलं आणि प्यायली. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा पाहिलंही नाही.

संध्याकाळी डॉक्टर खाटेशी आला. म्हणाला, "माताजी, नळी आवळून बसली आहे. मी गोळ्या देतो. रात्री झोपताना एक. गोळी खरी रक्तदाबाची आहे, पण तिने नळीची पकड सैल पडते. दहा दिवसांनी या, मग दुर्बीण सहज जाईल असं वाटतं. सगळे डॉक्टर हे देत नाहीत, मी देतो. उठताना सावकाश उठा, चक्कर येते. आणि दुसऱ्यांदाही नाही गेली, तर मात्र चीर."

"मतलब, नळी भिजवायची," मांजी म्हणाली.

डॉक्टर घाईत होता. हसून म्हणाला, "हाँ, वैसा ही समझो."

हे त्याचं चुकलं.

आता अशा गोळ्या सर्रास देतात म्हणे. माझ्या जावयाला दिल्या होत्या. त्याने सांगितल्या तेवढ्याच घेतल्या आणि सांगितलेल्या दिवशी गेला, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

घरी आल्या आल्या मांजीने एक नवा ठप्पा काढला. शिसवीचा, पाच पाकळ्यांचं फूल. तो तेलाच्या डब्यात बुडवला आणि मला म्हणाली, "हा आणि मी सोबत. हा झाला की मी झाले."

मला वाटलं गंमत करतेय. तिला गंमत करता येत नसे, हे मी विसरले.

थंडी वाढली. डब्यातलं तेल तुपासारखं दाट झालं. मधूनमधून कळ यायची तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि ओसरली की परत ठप ठप सुरू. दहावा दिवस आला. मी आवरून ऑटो दारात आणली. मांजी शेडमध्ये. तिने ठप्पा वर काढला, निथळला, मागची बाजू अंगठ्याने दाबली.

"अभी नहीं," ती म्हणाली आणि ठप्पा परत बुडवला.

"मांजी, डॉक्टर वाट पाहतोय."

"पाहू दे. मागून कोरडा आहे."

ऑटोवाला आत डोकावला. "मांजी, चलना है कि नहीं?"

"अजून भिजला नाही," ती म्हणाली.

त्याने मला विचारलं, "इनको हुआ क्या है?"

"पथरी," मी म्हटलं.

"कहाँ?" असं त्याने विचारलं आणि स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवला.

ऑटो आलीच होती म्हणून मी एकटी बसून दवाखान्यात गेले. डॉक्टरला सगळं सांगितलं. ठप्पा काय, तेल काय, थंडी काय. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "बाई, गोळी म्हणजे तेल नाही. नळी जेवढी सैल पडायची तेवढी आतापर्यंत पडली. आता महिनाभर घेतली तरी तेवढीच. पण खडा तिथेच आहे. लघवी मागे तुंबतेय, किडनी फुगतेय. थोडे दिवस ती सहन करेल, मग कामातून जाईल."

"तुम्हीच म्हणालात, वैसा ही समझो."

"मैंने कहा?"

"मी खाटेपाशीच उभी होते."

तो रागावला नाही. डोळे चोळत म्हणाला, "दोन दिवसांत आणा. कसंही करून आणा."

मी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मांजीने ठोका थांबवला नाही. ओळ संपल्यावर म्हणाली, "डॉक्टरला नळी माहीत आहे. भिजवणं मला माहीत आहे. अर्धवट भिजलेल्या ठप्प्यावर हात मारला तर कड तुटते. नळीची कड तुटली तर तू जोडशील?"

"आणि किडनी गेली तर?"

"दुसरी आहे."

"आणि तीही गेली तर? पुतण्या टपलेलाच आहे."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग रंगात ठप्पा टेकवला. बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात कपडे धूत होते. ठप ठप चालू होतं. मग एक ठोका वेगळा आला आणि पुढे आवाजच नाही. मी ओल्या हातांनी धावले. मांजी टेबलाची कड धरून खाली घसरत होती. रंग ढवळायला ती खाली बसली होती आणि झटक्यात उठली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातला ठप्पा छापून झालेल्या ओळींवर आडवा पडला. कापडाचं थान संपत आलं होतं. सगळ्या सरळ फुलांत एक काळं फूल तिरपं.

मी तिला टेकून बसवलं, पाणी पाजलं. ओठ पांढरे पडले होते. गोळ्यांची पट्टी तिच्या घागऱ्याच्या नेफ्यात खोचलेली असे, ती मी ओढून काढली. दोन-चारच उरल्या होत्या. दवाखान्यातून पंचवीस आणल्या होत्या, रोज एक म्हणजे निम्म्या तरी उरायला हव्या होत्या.

"किती घेता?"

"दोन. एक सकाळी, एक रात्री."

"डॉक्टरने एक सांगितली होती."

"थंडी आहे. थंडीत कमी चढतं."

मी तिला मूर्ख म्हटलं. मराठीत म्हटलं, पण तिला कळलं. तरी तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती त्या तिरप्या फुलाकडे बघत होती.

"हाथ हिल गया," ती म्हणाली.

नेमका तेव्हा पुतण्या आला. त्याने काकीकडे पाहिलं, मग कापडाकडे. "थान तो गया," तो म्हणाला.

"तू भी जा," मांजी म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. तो गेला नाही, दारात उभा राहिला.

किडनीबद्दल बोलून उपयोग नव्हता, ते मी बोलून पाहिलं होतं. मी म्हटलं, "मांजी, आज हात हलला. उद्या परत हलेल. मग हा छापेल. त्याच्या जाळीत हात हलला तरी चालतो."

मी उठले, तेलाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ठप्पा बाहेर काढला. पदराने पुसला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"झाला," मी म्हटलं.

"नहीं हुआ."

"झाला म्हणते ना."

"मागून कोरडा आहे, टेसनवाली. हात मारला की तुटेल."

"तुटू दे. माझ्या नावाने तुटू दे."

तिने ठप्पा उचलला. मागची बाजू अंगठ्याने दाबली, बोटाने पाणी लावून पाहिली, कानाजवळ नेऊन वाजवली. पुतण्या घड्याळ बघायला लागला.

"तेरे नाम से?" तिने विचारलं.

"माझ्या नावाने."

"ऑटो बुला," ती म्हणाली.

"काकीसा, स्कूटर आहे की," पुतण्या म्हणाला.

"स्कूटर हलते," ती म्हणाली.

दोन गोळ्यांचं ऐकून डॉक्टरने मला झापलं, जणू मीच गिळल्या होत्या. मी ऐकून घेतलं नाही. त्यालाही म्हटलं, जे भिजवायचं नसतं त्याला भिजवतो म्हणू नये. एक दिवस तिला नुसतं निजवून ठेवलं, रक्तदाब जागेवर आणला आणि मग आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले होते. पुतण्याही होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता, पण चेहरा मोकळा होता. म्हणाला, "निकल गया. दुर्बीण ऐसे गई, जैसे..." तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. कशासारखी गेली ते मला अजून माहीत नाही.

चीर लागली नाही. उशीर व्हायचा तो झालाच होता. ती किडनी पूर्वीइतकी राहिली नाही, पण राहिली. हे मांजीला सांगितलं तर ती म्हणे, "ज्यादा भिजवली म्हणून दुर्बीण गेली." मी म्हणे, जादा भिजवली म्हणून पडलात. हा वाद आमच्यात पुढे रोज व्हायचा, आणि कधी सुटला नाही. पुतण्याने पुढे समोरच्या गल्लीत जागा घेतली आणि तिथे जाळीची छपाई सुरू केली. चांगली चालली. मांजी त्याच्या कापडावर बसायचीसुद्धा नाही.

हिंडूफिरू लागल्यावर ती टेबलाशी उभी राहिली आणि तो पाच पाकळ्यांचा ठप्पा घेतला. मी म्हटलं, आता परत तेलात ठेवा, वेळ आहे. तिने ऐकलं नाही. म्हणाली, "तू झाला म्हणालीस ना." पहिल्या काही ओळी नीट आल्या. मग एका ठोक्याला बारीकसा कट्ट आवाज झाला. ती माझ्या दारात आली आणि लाकडाची कपची माझ्या तळहातावर ठेवली. अख्खी एक पाकळी होती.

"तेरे नाम की," ती म्हणाली आणि परत गेली.

मला वाटलं, आता ठप्पा फेकेल. कड उडालेला ठप्पा ती चुलीत घालत असे. हा तिने घातला नाही. त्यानेच छापत राहिली. चार पाकळ्यांचं फूल, पाचवीच्या जागी नुसतं कापड. सगळ्या थानांवर तेच.

आमच्या बदलीचा हुकूम आला होता, त्या सुमाराची गोष्ट. शहरातला एक व्यापारी माल पाहायला आला होता. मी नळावर हंडा भरत होते. त्याने कापड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"मांजी, इस फूल में चार ही पंखुड़ी? पाँचवीं कहाँ गई?"

मांजीने ठोका दिला, दुसरा दिला. वर न बघता म्हणाली, "पाँचवीं हमारी बीनणी ने तोड़ दी."

"कौन बीनणी? आपके तो औलाद ही नहीं."

तिने काळा अंगठा अंगणाकडे केला. "वो क्या खड़ी है, नल पर."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी हंडा उचलला आणि आत गेले. चुलीवर भात होता.